मर्सी ब्राऊन प्रकरण

मर्सी ब्राऊन प्रकरण ही अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील एक्झेटर या गावी १७ मार्च, इ.स. १८९२ रोजी घडलेली घटना आहे. क्षयरोगाने मरण पावलेल्या मर्सी लीना ब्राऊन या १९ वर्षांच्या तरुणीचे प्रेत त्या दिवशी शवपेटीतून बाहेर काढण्यात आले. तिचे हृदय व यकृत जाळून त्यांची राख तिच्या आजारी भावाला पाण्यातून पाजण्यात आली. मृत नातलग घरातील जिवंत माणसांची प्राणशक्ती शोषून घेतो, या समजुतीतून हे कृत्य घडले. न्यू इंग्लंड प्रदेशातील तथाकथित 'व्हँपायर' प्रकरणांपैकी हे अखेरच्या काळातील असून त्याच्याविषयीची माहिती इतर प्रकरणांच्या तुलनेत बरीच तपशीलवार उपलब्ध आहे.

कुटुंब व आजार

जॉर्ज ब्राऊन हे एक्झेटरमधील शेतकरी होते. त्यांची पत्नी मेरी एलिझा डिसेंबर १८८३ मध्ये क्षयाने वारली. पाठोपाठ जून १८८४ मध्ये थोरली मुलगी मेरी ऑलिव्ह वयाच्या २०व्या वर्षी त्याच रोगाने गेली. त्यानंतर काही वर्षे शांततेत गेली. मग मुलगा एडविन आजारी पडला. कोरड्या, थंड हवेने फुप्फुसांना आराम पडतो या तत्कालीन वैद्यकीय समजानुसार तो कोलोराडो स्प्रिंग्ज येथे जाऊन राहिला, पण त्याची प्रकृती सुधारली नाही. दरम्यान मर्सीला झपाट्याने वाढणाऱ्या क्षयाने गाठले आणि १७ जानेवारी, इ.स. १८९२ रोजी तिचे निधन झाले. एडविन परतला तेव्हा तो खंगत चालला होता.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध बर्लिन येथे २४ मार्च, इ.स. १८८२ रोजी जाहीर केला होता. एक्झेटरमधील घटना घडली तेव्हा त्या शोधाला दहा वर्षे पूर्ण होण्यास एक आठवडा उरला होता. मात्र रोगाचे कारण कळले तरी त्यावर उपाय सापडला नव्हता. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील पहिले परिणामकारक प्रतिजैविक १९४० च्या दशकात उपलब्ध झाले. एडविनला वाचवू शकेल असे कोणतेही औषध १८९२ साली डॉक्टरांपाशी नव्हते. पुढील घटनाक्रम समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

१७ मार्च १८९२

शेजाऱ्यांनी जॉर्ज ब्राऊन यांना सुचवले की, मृत तिघींपैकी कोणाच्या तरी हृदयात अद्याप ताजे रक्त असावे आणि तीच एडविनला क्षीण करीत असावी. 'प्रॉव्हिडन्स जर्नल' या वृत्तपत्रातील वृत्तांतानुसार जॉर्ज यांचा या कल्पनेवर विश्वास नव्हता, परंतु आग्रहाखातर त्यांनी संमती दिली. तपासणीसाठी डॉ. हॅरोल्ड मेटकाफ यांना बोलावण्यात आले. त्यांनाही हा प्रकार मान्य नव्हता.

चेस्टनट हिल बॅप्टिस्ट चर्चच्या दफनभूमीत प्रथम आई व थोरली बहीण यांची थडगी उकरण्यात आली. सुमारे आठ वर्षे जमिनीत राहिलेले ते देह अपेक्षेप्रमाणे विघटित झालेले होते. मर्सीचा देह मात्र बऱ्याच अंशी शाबूत होता आणि हृदयात साकळलेले रक्त आढळले. डॉ. मेटकाफ यांनी ही अवस्था स्वाभाविक असल्याचे आणि फुप्फुसांत क्षयाची लक्षणे असल्याचे सांगितले. तरीही हृदय व यकृत जवळच्या खडकावर जाळण्यात आले. राख प्यायल्यानंतर दीड महिन्याने, २ मे, इ.स. १८९२ रोजी एडविनचा मृत्यू झाला.

रक्ताचा 'पुरावा'

गावकऱ्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. आई व बहिणीचे विघटित देह आणि मर्सीचा ताजा वाटणारा देह यांतील फरक खराच होता. चूक होती ती तुलनेत. मर्सीला जाऊन अवघे दोन महिने झाले होते, तेही ऐन हिवाळ्यात. शिवाय तिची शवपेटी जमिनीत पुरलेली नसून दफनभूमीतील जमिनीवरच्या दगडी खोलीत ठेवलेली होती, कारण गोठलेली जमीन खणणे त्या प्रदेशात कठीण असे. अशा थंडीत देहाचे विघटन जवळजवळ थांबते. मृत्यूनंतर हृदयात रक्त राहणे हेही सामान्य असून साकळलेले रक्त काही काळाने पुन्हा पातळ होऊ शकते. इ.स. १७३२ मध्ये सर्बियातील मेद्वेजा गावी ऑस्ट्रियन लष्करी शल्यचिकित्सक योहान फ्ल्युकिंगर यांनी उकरलेल्या प्रेतांविषयी जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्यातही न कुजलेले देह व द्रवरूप रक्त हीच मुख्य 'लक्षणे' होती.

एकाच घरात एकामागून एक माणूस खंगत जाणे हे निरीक्षणही अचूक होते. क्षय हवेतून पसरतो आणि बंद घरात आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांना तो सहज जडतो. आधी गेलेला मागे राहिलेल्याला ओढून नेतो, ही समजूत संसर्गाचेच चुकीचे वर्णन म्हणता येईल. रोगाचे जुने इंग्रजी नाव 'कन्झम्प्शन' आणि मराठीतील 'क्षय' या दोहोंचा रोख झिजण्याकडेच आहे.

प्रदेशातील इतर प्रकरणे

लोकसाहित्याचे अभ्यासक मायकेल बेल यांनी अशा सुमारे ८० घटनांचा मागोवा घेतला असून त्यांतील जुन्या घटना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी सप्टेंबर १८५९ मधील रोजनिशीत व्हरमाँटमधील अशाच एका कुटुंबाचा उल्लेख केला आहे. इ.स. १९९० मध्ये कनेक्टिकटमधील ग्रिसवोल्ड येथे खडीच्या खाणीजवळ एक जुनी दफनभूमी उघडी पडली. तेथील एका शवपेटीवर खिळ्यांनी 'जेबी ५५' अशी अक्षरे उमटवलेली होती. आतील सांगाड्याची कवटी व मांडीची हाडे मुद्दाम फुलीच्या आकारात मांडलेली होती, तर बरगड्यांवर फुप्फुसाच्या दीर्घ आजाराच्या, बहुधा क्षयाच्या, खुणा होत्या. हृदय शोधण्यासाठी छाती फोडली असावी, पण ते आधीच कुजून गेले असावे, असा संशोधकांचा तर्क आहे.

'व्हँपायर' हे नाव

हा शब्द वृत्तपत्रांनी रूढ केला. ही प्रथा पाळणारे लोक तो सहसा वापरत नसत. मृत व्यक्ती थडग्यातून उठून रात्री हिंडते, दात रोवते असे त्यांचे म्हणणे नव्हते. तिच्या हृदयामार्फत जिवंत नातलगांशी एक घातक संबंध टिकून राहतो आणि तो जाळून तोडता येतो, एवढीच ही कल्पना होती. मराठी वाचकाला वेताळ किंवा हडळ आठवणे साहजिक असले तरी ती तुलना येथे फारशी उपयोगी नाही. मर्सीला कोणी पाहिल्याची कथा नंतरच्या काळातील आहे.

नंतरचे पडसाद

मानवशास्त्रविषयक लेखन करणारे जॉर्ज स्टेटसन यांनी इ.स. १८९६ मध्ये ऱ्होड आयलंडमधील या समजुतीवर लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षीचे 'न्यू यॉर्क वर्ल्ड'मधील एक संबंधित कात्रण 'ड्रॅक्युला'चे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या कागदपत्रांत सापडले आहे. कादंबरी १८९७ साली प्रकाशित झाली. त्यातील लूसी हे पात्र मर्सीवरून घेतले असे अनेकदा लिहिले जाते, परंतु केवळ कात्रणावरून ते सिद्ध होत नाही. एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या 'द शन्ड हाउस' या कथेत एक्झेटरच्या घटनेचा उल्लेख आहे.

जॉर्ज ब्राऊन इ.स. १९२२ पर्यंत जगले. मर्सीची कबर कुटुंबीयांच्या कबरींलगत असून तेथे आजही लोक फुले व चिठ्ठ्या ठेवून जातात. तिचा स्मृतिशिलाखंड एकदा चोरीला गेल्यामुळे तो आता लोखंडी पट्टीने जखडलेला आहे.