पांढरा बगळा, कडक ऊन आणि कॅमेरा

जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये बदली होऊन आलेल्या मराठी गृहस्थास बगळ्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात हिरवळीवर गायबगळे उतरतात. शहरातील जुन्या तलावांच्या काठी आणि नर्मदेच्या उथळ पाण्यात मोठे व लहान बगळे तपस्व्यासारखे उभे असतात. घरात कॅमेरा असला की त्यांचे छायाचित्र घेण्याचा मोह होतोच. चित्र हाती येते तेव्हा मात्र काळसर पाण्यावर पांढऱ्या कागदाचा कपटा चिकटवावा तसा बगळा दिसतो; त्याचे एकही पीस ओळखू येत नाही. हा प्रश्न केवळ हौसेचा आहे असे आम्हांस वाटत नाही. या पिसांना एक दुःखद इतिहास आहे, आणि तो पालटण्यात कॅमेऱ्याचा हात आहे.

विणीच्या हंगामात मोठ्या व लहान बगळ्यांच्या पाठीवर तलम, झिरझिरीत पिसे फुटतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर ती मिरवू लागली, आणि त्यांचा भाव सोन्याच्याही वर गेला. ही पिसे विणीतच येतात. म्हणून शिकारी थेट घरट्यांवर जात. आईबाप मारले गेले की पिले उपाशी मरत. हिंदुस्थानातूनही हा माल विलायतेस जाई. १९०२ साली येथील सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली. परंतु गिऱ्हाईक कायम असल्यामुळे चोरटा व्यापार चालूच राहिला.

लोकमत वळविण्यास केवळ शब्द पुरले नाहीत. १९०६ साली ऑस्ट्रेलियातील पक्षीनिरीक्षक मॅटिंग्ली यांनी न्यू साऊथ वेल्समधील एका दलदलीत मारलेल्या बगळ्यांची आणि घरट्यांत भुकेने तडफडणाऱ्या पिलांची छायाचित्रे घेतली. १९११ साली इंग्लंडमधील पक्षीरक्षक संस्थेने ती फलकांवर मोठी करून लंडनच्या रस्त्यांतून माणसांकरवी फिरविली. ज्या टोप्यांवर ती पिसे होती, त्या टोप्यांसमोरूनच हे फलक गेले! पिसांची आयात रोखणारा कायदा ब्रिटनमध्ये १९२१ साली झाला. त्याचे सारे श्रेय या चित्रांना देणे अतिशयोक्तीचे होईल. पण बंदुकीने मिळविलेल्या पिसाची खरी किंमत कॅमेऱ्याने लोकांच्या डोळ्यांसमोर मांडली, हे निर्विवाद होय.

आता पिसांच्या चित्रणाचा प्रश्न. १९३२ च्या सुमारास प्रकाशविद्युत घटावर चालणारे वेस्टन प्रकाशमापक बाजारात आले आणि अंदाजाची जागा आकड्याने घेतली. परंतु वस्तूवरून परतणारा प्रकाश मोजणारे कोणतेही यंत्र समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे धरून चालते. बगळा लहान आणि पाणी काळे असेल, तर ते पाण्याकडे पाहून प्रकाश अधिक देते व पिसे भाजून निघतात. बगळ्यानेच चौकट भरली, तर तो राखाडी उतरतो. म्हणून जाणत्यांनी यंत्रापेक्षा उन्हावर विश्वास ठेवला. स्वच्छ उन्हात १०० वेगाच्या फिल्मला सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका वेळ आणि १६ चे छिद्र हा जुना ठोकताळा. शुभ्र पक्ष्यासाठी छिद्र २२ पर्यंत लहान करावे. पाणी काळे पडले तरी हरकत नाही. आजच्या अंकीय कॅमेऱ्यातही, पांढऱ्यातला तपशील एकदा गेला की मागाहून कोणत्याही युक्तीने परत येत नाही.

वेळ सकाळची निवडावी. तिरप्या किरणांनी पिसापिसामध्ये सावलीची बारीक रेघ पडते, आणि पांढऱ्याला आकार येतो. माध्यान्हीचे जबलपुरी ऊन तो पुसून टाकते. मात्र विणीच्या दिवसांत घरट्यांजवळ जाऊ नये. आईबाप उठून गेले की उघडी पिले उन्हाने आणि कावळ्यांनी दगावतात. मग बंदूक आणि कॅमेरा यांत भेद तो काय उरला?

एकेकाळी हीच पिसे हस्तगत करण्यासाठी बगळ्याचा जीव घेतला जाई. आज ती त्याच्या अंगावर असतानाच, एकेक तंतू दिसेल अशी, आपल्याला मिळू शकतात. त्यासाठी थोडा प्रकाश कमी द्यावा आणि थोडे दूर उभे राहावे, एवढेच पथ्य आहे.