केन्मु : एका कालनामाचे राजकारण

जपानच्या इतिहासात ‘केन्मु’ हे कालनाम जेमतेम दोन वर्षे टिकले, असे सामान्यतः लिहिले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. ज्या सम्राटाने ते धारण केले त्याच्या दरबारी ते १३३६ मध्ये संपले. त्याच्या विरोधकांनी मात्र ते १३३८ पर्यंत चालू ठेवले. ही विसंगती उलगडण्याजोगी आहे.

सम्राट गो-दाइगो यास कामाकुराच्या होजो राजप्रतिनिधींनी १३३२ मध्ये ओकी बेटावर हद्दपार केले. पुढच्याच वर्षी तो तेथून निसटला. आशिकागा ताकाउजीने क्योतोत पक्ष बदलला, नित्ता योशिसादाने कामाकुरा जिंकले आणि सुमारे दीड शतकाची लष्करी राजवट कोसळली. १३३४ मध्ये घोषित झालेले ‘केन्मु’ हे नाव चिनी सम्राट ग्वांगवूच्या कालनामावरून घेतलेले होते. ग्वांगवूने इ. स. २५ मध्ये हान घराण्याची सत्ता पुनःस्थापित केली होती. नावातच राज्याचा कार्यक्रम सांगितला होता.

कसोटी लागली ती जमिनीच्या हक्कांवर. १३३३ मध्येच प्रत्येक जमीनधारणेस सम्राटाच्या आज्ञापत्राची, म्हणजे ‘रिन्जी’ची, मान्यता आवश्यक ठरविण्यात आली. देशभरातून दावेदार राजधानीत लोटले. महिनाभरातच हुकूम शिथिल करून जप्ती होजो पक्षापुरती मर्यादित करावी लागली, आणि दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायासन नेमावे लागले. १३३४ मध्ये क्योतोतील निजो येथे नदीकाठी लावलेल्या निनावी उपहासपत्रात राजधानीतील उपद्रवांमध्ये बनावट आज्ञापत्रांचाही समावेश आहे! त्यातच नव्या राजवाड्यासाठी ‘जितो’ म्हणजे जमीन-कारभाऱ्यांच्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागण्यात आला. बक्षिसाच्या अपेक्षेने लढलेल्या योद्ध्यांना हे कसे रुचावे?

गो-दाइगोला निव्वळ स्वप्नाळू ठरविणे मात्र प्रस्तुत लेखकास मान्य नाही. त्याच्या न्यायासनात योद्धेही बसत असत. सर्व हक्क एकाच लेखणीतून निघावेत, हा त्याचा आग्रह त्याला भोवला.

१३३५ मध्ये होजो तोकियुकीचे बंड मोडण्यास ताकाउजी सम्राटाच्या संमतीविना कामाकुरास गेला आणि तेथे स्वतःच्या अधिकारात जमिनी वाटू लागला. १३३६ च्या आरंभी गो-दाइगोने कालनाम बदलून ‘एन्गेन’ केले. त्याच वर्षी मिनातोगावाच्या लढाईत कुसुनोकी मासाशिगे पडला, आणि वर्षअखेरीस सम्राट योशिनोस निघून गेला. दोन दरबारांचे द्वैत १३९२ पर्यंत चालले. ताकाउजीने दुसरा सम्राट गादीवर बसविला, पण ‘केन्मु’ सोडले नाही. त्याच्या नव्या लष्करी राजवटीची सतरा कलमी संहिता ‘केन्मु शिकिमोकु’ याच नावाने ओळखली जाते.