मोंगूज (लायब्ररी)

मोंगूज ही नोड.जेएस या मंचासाठी जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेली मुक्त स्रोत लायब्ररी आहे. मोंगोडीबी या दस्तऐवजाधारित डेटाबेसमधील माहितीला निश्चित आराखडा देण्यासाठी ती वापरली जाते. तिचा विकास २०१० मध्ये सुरू झाला असून ती एमआयटी परवान्याखाली उपलब्ध आहे. तिचे नाव ज्या इंग्रजी शब्दावरून घेतले आहे, तो शब्द मूळ मराठीतील 'मुंगूस'वरून आलेला आहे.

स्वरूप

मोंगोडीबीमध्ये माहिती तक्त्यांऐवजी दस्तऐवजांच्या संग्रहांत साठवली जाते. एका दस्तऐवजाची कमाल मर्यादा १६ मेगाबाइट असते. एकाच संग्रहातील दस्तऐवजांची रचना भिन्न असू शकते. मोंगूजमध्ये प्रथम 'स्कीमा' लिहून प्रत्येक क्षेत्राचा प्रकार, अनिवार्यता व मूलभूत मूल्य ठरवले जाते. स्कीमापासून 'मॉडेल' तयार होते आणि त्याद्वारे नोंदी साठवल्या व शोधल्या जातात. स्कीमात नसलेली क्षेत्रे सामान्यतः साठवली जात नाहीत.

उदाहरण: सातबारा उतारा

दस्तऐवजाची कल्पना महाराष्ट्रातील सातबारा उताऱ्यावरून समजू शकते. गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) व गाव नमुना १२ (पिकांची नोंद) मिळून हा उतारा बनतो. अंबरनाथ तालुक्यातील मोरिवलीसारख्या गावाच्या जमिनींची माहिती मोंगूजमध्ये मांडायची झाल्यास प्रत्येक भूमापन क्रमांक व हिस्सा यांचा एक दस्तऐवज करता येतो.

'१२/१अ' असा क्रमांक संख्या म्हणून साठवता येत नाही. त्यासाठी मजकूर हा प्रकार आवश्यक असतो. ०.४०.५० (शून्य हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर) असे लिहिलेले क्षेत्रही संख्येत रूपांतरित होत नाही. ते ४०५० चौरस मीटर असे साठवल्यास बेरीज व तुलना शक्य होते.

अंतर्भाव आणि संदर्भ

संबंधित माहिती त्याच दस्तऐवजात ठेवण्यास अंतर्भाव म्हणतात. तीमुळे एकाच वाचनात पूर्ण उतारा मिळतो, तसेच एका दस्तऐवजातील बदल अखंडपणे होतो. मात्र गाव नमुना ६ मधील फेरफारांसारख्या सतत वाढणाऱ्या नोंदी स्वतंत्र संग्रहात ठेवणे योग्य ठरते.

एकाच खातेदाराचे नाव अनेक जमिनींच्या दस्तऐवजांत अंतर्भूत केल्यास वारस नोंदीच्या वेळी ते सर्वत्र बदलावे लागते. एखादा दस्तऐवज सुटल्यास दोन उतारे परस्परविरोधी ठरतात व मालकी हक्काविषयी संभ्रम निर्माण होतो. म्हणून खातेदाराचा स्वतंत्र दस्तऐवज करून जमिनीच्या दस्तऐवजात त्याचा केवळ ओळखक्रमांक ठेवतात. 'पॉप्युलेट' ही सुविधा वेगळी विचारणा करून त्या क्रमांकाच्या जागी खातेदाराची माहिती आणते. एका खातेदाराच्या सर्व जमिनी दाखवणाऱ्या गाव नमुना ८अ साठीही ही रचना सोयीची ठरते.

मर्यादा

- नोंद साठवताना प्रमाणीकरण होते. परंतु थेट अद्यतनाच्या विचारणांत ते वेगळा पर्याय दिल्याशिवाय होत नाही.
- 'युनिक' हा पर्याय प्रमाणीकरणाचा नियम नसून तो डेटाबेसमध्ये अनन्य निर्देशांक तयार करतो. तो निर्देशांक तयार नसल्यास दुबार नोंदी रोखल्या जात नाहीत.
- संदर्भित दस्तऐवज अस्तित्वात असल्याची खात्री डेटाबेस स्वतः करत नाही.
- अनेक दस्तऐवजांतील बदल एकत्रितपणे करण्यासाठी व्यवहार वापरावे लागतात. ही सोय मोंगोडीबीमध्ये २०१८ मधील ४.० या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.