कल्पित महानगर प्रदेश : भिलाईच्या नकाशावरून

संगणकावरच्या नगररचनेच्या खेळात एकाच शहरावर न थांबता शहर, उपनगरे, खाणी, धरणे, लोहमार्ग आणि भोवतालची गावे मिळून एक सलग मुलूख उभा करणे, म्हणजे कल्पित महानगर प्रदेशाची आखणी. खऱ्या महानगर क्षेत्राची व्याख्या आपल्या राज्यघटनेत आहे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीप्रमाणे त्याला दहा लाख किंवा अधिक लोकवस्ती लागते आणि त्यात किमान दोन नगरपालिका, पंचायती किंवा लगतची क्षेत्रे असावी लागतात. छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई नागरी समूहाने २०११च्या जनगणनेत दहा लाखांचा आकडा ओलांडला. कोऱ्या नकाशावर प्रदेश आखणाऱ्याने अभ्यासासाठी हाच समूह निवडावा. इथे कोणती वस्ती कशामुळे आली, हे नकाशा समोर ठेवला की आजही वाचता येते.

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे विल राइट यांचा ‘सिमसिटी’ (१९८९). राइट आधी एक लढाईचा खेळ बनवत होते. त्यात बॉम्ब टाकण्यापेक्षा बेटांवर रस्ते आणि इमारती मांडण्यातच त्यांना गोडी लागली. शहर कसे वाढते आणि कसे आजारी पडते, याचे गणित मांडणारा जे फॉरेस्टर यांचा ‘अर्बन डायनॅमिक्स’ (१९६९) हा ग्रंथही त्यांच्या उपयोगी पडला. निवासी, व्यापारी आणि औद्योगिक अशा तीन रंगांच्या पट्ट्यांत जमीन वाटण्याची रीत ‘सिमसिटी’पासून रूढ झाली. ‘सिमसिटी ४’मध्ये (२००३) प्रदेशाचा नकाशा आला. एक, दोन आणि चार किलोमीटर बाजूचे चौकोन शेजारी-शेजारी मांडायचे, प्रत्येकात वेगळे शहर वसवायचे आणि त्यांच्यात पाणी, वीज, कचरा यांचे करार करायचे, अशी ती रचना होती. फिनलंडमध्ये तयार झालेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’ने (२०१५) वाहतुकीचा हिशेब फार बारकाईने दाखवला.

भिलाईचा नकाशा मात्र खरोखरच जवळजवळ कोरा होता. सपाट मैदान, धानाची शेते, तळी, विखुरलेली गावे आणि मधून जाणारा मुंबई-हावडा लोहमार्ग. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. तेव्हा हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी कारखाना छत्तीसगडात यावा म्हणून जोर लावला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सुरुवातीची क्षमता वर्षाला दहा लाख टन पोलादाची होती. त्याच सुमारास राउरकेला जर्मनांच्या आणि दुर्गापूर ब्रिटिशांच्या मदतीने उभे राहत होते.

कारखाना इथेच का, याचे उत्तर शहरात सापडत नाही. त्यासाठी शहराबाहेर पाहावे लागते. लोहखनिज दक्षिणेकडच्या दल्ली-राजहऱ्याहून येते. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. चुनखडी जवळच्या नंदिनीची, डोलोमाइट बिलासपूरकडच्या हिर्रीचा आणि कोळसा पूर्वेकडून रेल्वेने. ‘स्कायलाइन्स’च्या मूळ आवृत्तीतला पूर्ण नकाशा एका बाजूने सुमारे १७ किलोमीटरचा असतो. म्हणजे कारखाना नकाशाच्या मधोमध मांडला तर नंदिनीसुद्धा चौकटीबाहेर पडते, मग दल्ली-राजहरा दूरच. नवशिक्याचा प्रदेश फसतो तो बहुधा इथेच. तो खाण कारखान्याच्या दारात ठेवतो. मग मधला लोहमार्ग, त्यावरची छोटी स्थानके, खाणीभोवती वाढलेले गाव आणि तिथला बाजार यांची गरजच उरत नाही. उरते ते एक फुगलेले शहर, त्याला प्रदेश म्हणता येत नाही. दल्ली-राजहऱ्याचे खनिज कमी होऊ लागल्यावर बस्तरच्या वाटेवरच्या रावघाटचा विचार सुरू झाला आणि लोहमार्ग अंतागडच्या पुढे नेण्यात आला. एका भट्टीची भूक किती लांबवर भूगोल हलवते, ते या एका मार्गावर कळते.

पाण्याचेही तसेच. खेळात नदीकाठी पंप बसवला की काम झाले. भिलाईजवळून शिवनाथ वाहते, तरी कारखान्याची तहान भागवण्यासाठी दूरच्या धरणांचे पाणी आणावे लागले. आधी बालोदजवळच्या तांदुला धरणाचे आणि पुढे महानदीवरच्या गंगरेलचेही. ते कालव्यांनी येते आणि मरोद्याच्या जलाशयांत साठवले जाते. तांदुला हे मुळात धानाच्या सिंचनासाठी ब्रिटिश काळात बांधलेले धरण. पाऊस कमी झाला की शेत, भट्टी आणि नळ अशा तिघांचाही डोळा त्याच पाण्यावर असतो. खेळात पाण्यावरचा शेतकऱ्याचा हक्क कुठेच नोंदलेला नसतो, आणि ही त्या खेळांची सर्वांत मोठी उणीव मानायला हवी.

कारखान्याच्या पश्चिमेला आणि लोहमार्गाच्या दक्षिणेला वसाहत आहे. तिथे टाउनशिप हाच शब्द सर्वांच्या तोंडी असतो. सेक्टर १ ते १० हा तिचा गाभा. घराचा पत्ताच रचना सांगतो : आधी क्वार्टरचा क्रमांक, मग सडक क्रमांक, मग सेक्टर. सेक्टरमध्ये शाळा, दवाखाना आणि छोटा बाजार, मोठ्या खरेदीला सिव्हिक सेंटर, आणि जिवावरचे दुखणे आले की सेक्टर ९चे मोठे रुग्णालय. रुंद रस्ते, दोन्ही कडांना झाडे, घरापुढे अंगण. १९७२मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून मैत्रीबाग हे उद्यान आणि प्राणिसंग्रहालय उभे राहिले. अधिकाऱ्यांची वस्ती ‘बत्तीस बंगले’ या नावाने ओळखली जाते. त्यामुळे पदाचा फरक नकाशावर अगदीच पुसला गेला असे नाही. तरीही आंध्र, केरळ, बंगाल, ओडिशा, पंजाब आणि महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे एकाच सडकेवर शेजारी राहिली. भिलाईकर गावाला अभिमानाने ‘मिनी इंडिया’ म्हणतात.

इथवरचे सारे खेळाडूला हुबेहूब करता येते. अडते ते लोहमार्ग ओलांडल्यावर. उत्तरेला सुपेला, कॅम्प १, कॅम्प २, पॉवर हाउस आणि खुर्सीपार आहेत. कॅम्प म्हणजे कारखान्याच्या बांधकामाला आलेल्या मजुरांच्या तात्पुरत्या छावण्या. बांधकाम संपले, छावण्या राहिल्या. पक्की घरे झाली, दुकाने आली, नाव मात्र कॅम्पच राहिले. जी. ई. रोड या हमरस्त्याला लागून सुपेल्याचा बाजार फोफावला आणि टाउनशिपमधली माणसेही रविवारी खरेदीला तिकडेच वळू लागली. आखलेल्या बाजारापेक्षा न आखलेला बाजार मोठा झाला. दक्षिणेला रिसाली, रुआबांधा आणि मरोदा ही मुळातली गावे. त्यांच्या जमिनी गेल्या आणि नावे सेक्टरांना मिळाली. खेळात जमीन मोकळी असते. झाड तोडावे तसे घर एका क्लिकने पाडता येते. इथे मात्र शेताच्या मालकाने नुकसानभरपाईचे पैसे घेतले आणि पुष्कळदा त्याचीच मुले ठेकेदाराकडे रोजंदारीला लागली.

जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने भिलाईत दीर्घकाळ राहून केलेल्या अभ्यासाचे ‘क्लासेस ऑफ लेबर’ हे पुस्तक २०२०मध्ये आले. कायम नोकरीचा कामगार आणि ठेक्यावरचा मजूर यांची आयुष्ये एकमेकांपासून किती दूर गेली, हा त्याचा विषय. ही दरी रक्तपाताशिवाय राहिली नाही. दल्ली-राजहऱ्याच्या खाणमजुरांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या मजुरांसाठी लढत असताना २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच त्यांची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेक जण मृत्युमुखी पडले. कल्पित प्रदेशात औद्योगिक पट्टा रंगवताना रोजगाराचा एकच आकडा दिसतो. भिलाई सांगते, तो आकडा किमान दोन भागांत लिहायला हवा.

कारखाना आजही प्रदेशाचा कणा आहे. भारतीय रेल्वेच्या रुळांचा मोठा भाग इथे तयार होतो. १३० मीटर लांबीचा अखंड रूळ इथे लाटला जातो, आणि असे दोन रूळ जोडून २६० मीटरची पट्टी पाठवतात. ती वाहून न्यायला खास वाघिणींची गाडी लागते, कारण वळणावर रूळही गाडीबरोबर वाकावा लागतो. मात्र १९८०च्या दशकाच्या तुलनेत कायम कामगारांची संख्या निम्म्याहून खाली आली आहे. टाउनशिपमधली अनेक घरे लीजवर दिली गेली. स्मृतीनगर, नेहरूनगर आणि वैशालीनगर या कंपनीबाहेरच्या वस्त्या आता शहराच्या वाढीची दिशा ठरवतात. २०१६मध्ये सुरू झालेली आयआयटी भिलाई आता कुटेलाभाठाच्या स्वतःच्या आवारात आहे.

कारभाराची वाटणी पाहिली की ‘सिमसिटी ४’चे चौकोन आठवतात. त्या खेळात एक शहर उघडले की शेजारच्या शहराची घड्याळे थांबतात. जमिनीवर तशी सोय नाही. दुर्ग, भिलाई, रिसाली आणि भिलाई-चरोदा अशा चार महानगरपालिका शेजारी-शेजारी आहेत, आणि टाउनशिपचे रस्ते, पाणी व घरे बरीचशी कारखान्याकडेच आहेत. सांडपाणी, बस आणि कचरा यांना या हद्दी ठाऊक नसतात. मुंबईत यासाठी १९७५मध्ये, पुण्यात २०१५मध्ये आणि नागपुरात २०१७मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरणे आली. छत्तीसगड विधानसभेने २०२५मध्ये राजधानी क्षेत्र विकास प्राधिकरणाचा कायदा केला. रायपूर, नवा रायपूर आणि दुर्ग-भिलाई यांचा एकत्र आराखडा करणे हे त्या प्राधिकरणाचे काम. खेळाडूला भिलाईचा प्रदेश मांडायचा असेल तर त्याने चौकट तेवढीच मोठी घ्यावी. पूर्वेला नवा रायपूर, पश्चिमेला शिवनाथ, दक्षिणेला तांदुला आणि गंगरेल. मग पहिली रेघ रस्त्याची न ओढता कालव्याची ओढावी, कारण रायपूरचे नळ, भिलाईच्या भट्ट्या आणि धमतरीकडची धानाची शेते या सर्वांना गंगरेलचेच पाणी वाटून घ्यावे लागते.