निशाणी नांगर ते पॅन: करदात्याच्या ओळखीची गोष्ट

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घरोघरी तीच विचारपूस सुरू असते. फॉर्म १६ आला का? पॅन आधारशी जोडले आहे का? ओटीपी कुणाच्या मोबाइलवर गेला? बहुतेक पगारदारांसाठी ३१ जुलै ही विवरणपत्र भरण्याची नेहमीची अखेरची तारीख, आणि मुदतवाढ मिळेल या आशेवर निम्मे घर बसलेले असते.

योगायोग असा, की या साऱ्या प्रश्नांची मुळेही जुलैच्याच अखेरीस सापडतात. २४ जुलै १८६० या दिवशी हिंदुस्थानात प्राप्तिकर आला. आयकर विभाग हाच दिवस आयकर दिन म्हणून पाळतो. त्याच्या दोन वर्षे आधी, २८ जुलै १८५८ रोजी, बंगालमधल्या एका कंत्राटदाराने आपला अख्खा पंजा करारपत्रामागे उमटवला. या दोन घटनांचा त्या काळी एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. तो जुळायला दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. आजचा थ्रेड त्या प्रवासाविषयी.

प्रथम थोडे मागे जाऊ. मराठेशाहीतील वतनाचे महजर किंवा निवाडपत्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना शेवटच्या ओळींतील एक शब्दजोडी परिचयाची असेल: ‘निशाणी नांगर’. अक्षरओळख नसलेला पाटील वा कुणबी सहीच्या जागी नांगराची आकृती काढी किंवा काढवून घेई. इतर कारूनारूंच्या निशाण्याही त्यांच्या त्यांच्या अवजारांच्या असत. वरवर पाहता ही सहीची गरिबाघरची आवृत्ती वाटते, परंतु नीट विचार केला की एक गोष्ट ध्यानात येते. नांगर कुणाही एकाचा नाही. गावात पन्नास कुणबी असतील तर पन्नासांचीही निशाणी नांगरच. मग तो कागद खरा कसा ठरे? त्या आकृतीभोवती साक्षीदार असत, कुलकर्ण्याचे हस्ताक्षर असे, गोतसभेत सर्वांसमक्ष ती काढलेली असे. माणसाची ओळख कागदावर नव्हती. ती त्याला ओळखणाऱ्या माणसांकडे होती.

करपद्धतीलाही ही व्यवस्था पुरेशी होती, कारण कर माणसाच्या एकूण मिळकतीवर नसे. तो जमिनीवर असे, घरावर असे, आणि मोहतर्फ्याच्या रूपाने दुकानावर, मागावर, घाण्यावर असे. घाणा डोळ्यांना दिसतो, मागही मोजता येतो. ‘वर्षभरात तुम्हाला एकंदर किती मिळाले, ते तुम्हीच लिहून द्या’ असे सरकारने रयतेला विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तो प्रश्न विचारला जेम्स विल्सन याने. स्कॉटलंडमधील हॉइक या गावचा, टोप्या बनवण्याच्या धंद्यातून वर आलेला हा गृहस्थ. ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक त्याने १८४३ साली काढले, पुढे चार्टर्ड बँकही स्थापन केली. १८५७ च्या उठावाने सरकारच्या तिजोरीचे कंबरडे मोडले होते. उठाव मोडण्याच्या खर्चाने हिंदुस्थानच्या कर्जात जवळपास ४ कोटी पौंडांची भर पडली होती, आणि हे कर्ज फेडायचे होते हिंदी रयतेनेच. गव्हर्नर जनरलच्या मंडळाचा पहिला वित्त सदस्य म्हणून विल्सन १८५९ च्या अखेरीस आला आणि १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्याने अर्थसंकल्प मांडला. प्राप्तिकराला शास्त्राधार आहे हे दाखवण्यासाठी त्याने त्या भाषणात चक्क मनूचा हवाला दिला. कर बसवताना परंपरा आठवण्याची ही सवय साहेबालाही होती तर!

कायद्याचा साचा मात्र थेट इंग्लंडमधून उचललेला होता. उत्पन्नाचे चार वर्ग केले: जमीन, व्यापार व व्यवसाय, सरकारी रोख्यांचे व्याज, आणि पगार व निवृत्तिवेतने. वर्षाला २०० रुपयांखालील उत्पन्नाला माफी. २०० ते ५०० पर्यंत शेकडा २. त्यापुढे शेकडा ३, शिवाय रस्ते-कालव्यांसारख्या स्थानिक कामांसाठी आणखी १. वर्षाला २०० म्हणजे महिन्याला सुमारे १७ रुपये. म्हणजे हा कर सावकार आणि जमीनदारांपुरता नव्हता. लहान दुकानदार, कारकून, शाळामास्तर सारेच त्याच्या कक्षेत येत होते.

आता त्या दुकानदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याच्या रोजमेळ आणि खतावण्या मोडीत किंवा महाजनी लिपीत. त्यातील ‘उत्पन्न’ हे इंग्रजी पद्धतीच्या वर्गवारीत बसवायचे. शिवाय व्यापाऱ्याची वही म्हणजे त्याची पत. कुणाचे किती देणे आहे, कुणाकडून किती येणे आहे, हे बाजारात फुटले तर हुंडी कोण घेणार? आकडा खरा लिहिला तर गुपित उघडे पडते, खोटा लिहिला तर दंड, आणि लिहिलाच नाही तर अधिकारी आपल्या अंदाजाने कर ठरवणार. या तिसऱ्या शक्यतेत हाताखालच्या नोकरवर्गाच्या चिरीमिरीला किती वाव होता, हे वेगळे सांगायला नको. माझ्या मते १८६० च्या असंतोषाचे खरे कारण दरात नव्हते. शेकडा २ हा काही फार मोठा आकडा नाही. अनोळखी अंमलदाराला आपली वही उघडून दाखवावी लागणे, हे लोकांच्या जिव्हारी लागले.

विरोध केवळ रयतेचा नव्हता. मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन याने आपले विरोधी मत उघडपणे प्रसिद्ध केले आणि त्याबद्दल त्याला पद गमवावे लागले. विल्सनलाही आपल्या कराचे फळ पाहायला मिळाले नाही. कायदा होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ११ ऑगस्ट १८६० रोजी तो कलकत्त्यात आजारी पडून वारला. त्याची कबर पुढे विस्मरणात गेली; ती शोधून काढली अलीकडे एका आयकर अधिकाऱ्यानेच. १८६२ मध्ये करमाफीची मर्यादा ५०० रुपयांवर नेल्याने लहान करदाते सुटले. आणि गंमत पाहा, ज्या ट्रेव्हेल्यनला या करापायी परत बोलावले होते, तोच वित्त सदस्य होऊन हिंदुस्थानात आला आणि १८६५ साली पाच वर्षांची मुदत संपताच त्याने हा कर संपू दिला.

पुढची वीस वर्षे नुसती धरसोड चालली: १८६९ ला पुन्हा प्राप्तिकर, १८७३ ला रद्द, १८७८ ला परवाना कर आणि त्यावरून सुरतेत दंगा. अखेर १८८६ च्या कायद्याने प्राप्तिकराने कायमचे ठाण मांडले. शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले गेले, ते आजतागायत वगळलेलेच आहे. दर ठरले रुपयाला ४ आणि ५ पै; १९२ पैंचा एक रुपया, म्हणजे शेकडा दोन-अडीचच्या आसपास.

आता त्या दुसऱ्या जुलैकडे वळू.

विल्यम जेम्स हर्शेल हा तरुण मुलकी अधिकारी बंगालमध्ये जंगीपूरला होता. कागदावरची सही ‘माझी नव्हेच’ म्हणून नाकारली जाण्याच्या प्रकारांनी तो वैतागला होता. राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून त्याला रस्त्यासाठी खडी हवी होती. कोनाईने करारपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिले आणि तो नेहमीप्रमाणे सही करणार, इतक्यात हर्शेलने त्याला थांबवले. कचेरीच्या शिक्क्यासाठी वापरतात ती शाई कोनाईच्या तळहाताला फासली आणि पंजा कागदाच्या पाठीमागे उमटवून घेतला. हर्शेलने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे, की उद्देश शास्त्रीय वगैरे काही नव्हता. करार नाकारण्याचा विचारही कोनाईच्या मनात येऊ नये, इतपत धाक बसवायचा होता.

येथे क्षणभर थांबायला हवे. आपल्या भाषेत ‘अंगठाछाप’ आणि ‘अंगठेबहाद्दर’ हे निरक्षराला हिणवणारे शब्द आहेत. परंतु आधुनिक ठशांच्या इतिहासात ज्या पहिल्या माणसाचा हात कागदावर आला, तो लिहिता-वाचता होता. त्याने करारपत्र लिहिले होते. त्याच्या अक्षरावर साहेबाचा विश्वास नव्हता, म्हणून हात मागितला गेला. एके काळी मोगल फर्मानावर बादशहाच्या पंजाचा ठसा म्हणजे अभयाची खूण मानली जाई. तीच क्रिया, पण आता देणारा कोण आणि मागणारा कोण हे पार बदलले होते.

हर्शेल मात्र या नादात गुंतला. स्वतःचे, मित्रांचे, कुटुंबीयांचे ठसे तो वर्षानुवर्षे घेत राहिला आणि बोटांवरील रेषा वयानुसार बदलत नाहीत, अशी त्याची खात्री पटली. १८७७ साली हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे, दस्त नोंदवणाऱ्यांचे आणि कैद्यांचे ठसे घेण्यास आरंभ केला. मृत माणसाच्या नावावर भलताच कुणी निवृत्तिवेतन उचलतो, हा प्रकार त्याला थांबवायचा होता. आजच्या ‘हयातीच्या दाखल्या’चे बीज तेथे आहे.

परंतु हजारो ठशांतून नेमका एक कसा शोधायचा? हा पेच बंगाल पोलिसांत सुटला. त्याचे श्रेय जगभर इन्स्पेक्टर जनरल एडवर्ड हेन्री याच्या नावे जमा आहे. वर्गीकरणाची गणिती बाजू मात्र अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्याच्या हिंदी सहकाऱ्यांनी रचली. दहा बोटांच्या ठशांची विभागणी १०२४ कप्प्यांत करणारी ही पद्धत. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले, आणि स्कॉटलंड यार्डचे त्यानंतर, १९०१ मध्ये. हक आणि बोस यांना मान्यता व मानधन मिळाले, पण कित्येक वर्षांनी. पद्धतीला नाव आजही हेन्रीचेच आहे.

मराठी दस्तांत हा बदल फार सुंदर दिसतो. अंगठ्याच्या ठशाशेजारी ‘नि. डा. हा. अं.’ असे लिहिलेले आढळते: निशाणी, डाव्या हाताचा अंगठा. ‘निशाणी’ शब्द तोच राहिला, नांगर गेला. नांगर हा माणूस गावात काय करतो ते सांगत होता. अंगठा त्याविषयी काहीच बोलत नाही.

प्राप्तिकर खाते मात्र दीर्घकाळ अंगठ्याच्या वाटेला गेले नाही. त्याचा भर नोंदवहीवर होता. प्रत्येक वॉर्डाच्या अधिकाऱ्याकडे जनरल इंडेक्स रजिस्टर असे आणि त्यातील अनुक्रमांक, म्हणजे जीआयआर नंबर, हीच करदात्याची ओळख. मुंबईहून नागपूरला बदली झाली की क्रमांक नवा. एकाच माणसाच्या दोन शहरांतल्या दोन नोंदी एकमेकींना ओळखत नसत. यावर तोडगा म्हणून सत्तरच्या दशकात ‘स्थायी खाते क्रमांक’ आला, १९७६ पासून त्याला कायद्याचे बळ मिळाले आणि आजचे दहा अक्षर-अंकी पॅन आले ते १९९५ नंतरच्या नव्या मालिकेत.

आपले पॅन कार्ड काढून पाहा. चौथे अक्षर तुम्ही कोण ते सांगते: पी म्हणजे व्यक्ती, सी कंपनी, एच हिंदू अविभक्त कुटुंब, टी न्यास. पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर. मराठी घरांत घोटाळा होतो तो येथे. आपली नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही तिपेडी रचना फॉर्ममधील रकान्यांत शिरताना कधी मधले नाव गाळते, तर कधी आडनाव पुढे येते. लग्नानंतर बाईच्या आधारवर पतीचे नाव व सासरचे आडनाव, तर पॅनवर माहेरचे. आडनाव बदलून घेतले तरी पॅनचा क्रमांक तोच राहतो, त्यामुळे पाचवे अक्षर जन्मभर माहेरचेच. पॅनच्या अर्जात विवाहितेलाही वडिलांचेच नाव विचारतात; एकल मातेच्या अपत्याला केवळ आईचे नाव देण्याची मुभा मिळायला डिसेंबर २०१८ उजाडावा लागला.

आणि मग दोन्ही जुलै एकत्र आले. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी दिले गेले. १ जुलै २०१७ पासून पॅनला आधार जोडणे कायद्याने आवश्यक झाले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधारचे इतर काही उपयोग रोखले, ही जोडणी मात्र कायम ठेवली. जोडणी न झालेली पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरली. विल्सनची वही आणि हर्शेलची शाई अशा रीतीने एका नोंदीत आली.

हर्शेलने रेषा बदलत नाहीत हे सिद्ध केले, पण ज्यांचे ठसे त्याने वर्षानुवर्षे जपले त्यात तो स्वतः आणि त्याच्या वर्तुळातली माणसे होती. खडी फोडणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांवरच्या रेषा झिजतात. ज्याचा पंजा प्रथम घेतला तो खडीचाच कंत्राटदार होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

नांगर पुसट उमटला तर साक्षीदार ‘होय, हाच तो’ म्हणू शकत होता. यंत्रापुढे ठसा जुळला नाही तर साक्ष द्यायला कुणी उभे राहत नाही. विवरणपत्राबाबत सुदैवाने अजून दुसरी वाट उरली आहे. भरल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, नाहीतर ते भरलेच नाही असे धरतात. ती आधारच्या ओटीपीने होते, नेट बँकिंगने होते, आणि ज्याला यांतले काही जमत नाही तो आजही आयटीआर-व्ही हा कागद छापून, त्यावर शाईने सही करून बंगळुरूच्या केंद्राकडे टपालाने पाठवू शकतो.

घरात जुन्या कागदांचे रुमाल असतील, तर वतनपत्रे आणि खरेदीखते जरूर उलगडून पाहा. ‘निशाणी नांगर’ किंवा ‘नि. डा. हा. अं.’ आढळल्यास छायाचित्र खाली जोडा. मोडी वाचायला अडचण आली तर मिळून वाचू. पॅन आणि आधारची छायाचित्रे मात्र कृपया कुणीही टाकू नका.