अठरा हात पाणी

देशावरच्या विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या जी मोट चालली, तिला खोलीचे भय ठाऊक नव्हते. नाडा मजबूत असला आणि बैलांच्या अंगी बळ असले, म्हणजे पाणी थारोळ्यात येऊन पडणारच. इटलीतील फ्लॉरेन्सच्या विहिरींवर मात्र दट्ट्याने पाणी शोषून घेणारे पंप होते, आणि तेथील पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना एक गोष्ट अनुभवाने पक्की कळून चुकली होती, ती ही की, यंत्र कितीही निर्दोष असले तरी पाणी त्यांच्या मापाने अठरा हातांच्या, म्हणजे सुमारे दहा मीटरांच्या वर चढत नाही.

या हकिकतीची नोंद गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात केली; परंतु तिचे कारण सांगताना तो चुकला. लांब दोर टांगला असता तो जसा स्वतःच्याच भाराने तुटतो, तसाच पाण्याचा स्तंभही तुटत असावा, अशी त्याची उपपत्ती होती. पदार्थांच्या बळाचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या पुरुषाची दृष्टी स्तंभाच्या आतच गुंतून राहावी आणि बाहेरच्या हवेकडे वळू नये, याचा मला विषाद वाटतो.

ती दृष्टी त्याच्या पश्चात त्याच्याच जागी फ्लॉरेन्सच्या दरबारी गणिती म्हणून नेमल्या गेलेल्या तोरिचेल्लीपाशी होती. पाण्याहून साडेतेरा पटींनी जड असा पारा त्याने योजिला, तेव्हा तो नळीत सुमारे ७६ सेंटिमीटरांवर स्थिरावला. आणि १६४४ च्या जूनमध्ये रोमला मित्रास लिहिलेल्या पत्रात त्याने प्रतिपादिले की, नळीत पारा तोलून धरणारी शक्ती म्हणजे बाहेरील हवेचा भार होय. हवा कधी जड तर कधी हलकी होते, ते दर्शविणारे साधन करण्याचाच त्याचा मानस होता.

हवेस भार असेल, तर उंचावर तो उणा पडला पाहिजे. फ्रेंच गणिती पास्कलच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिये, जो क्लेरमाँ येथील करविषयक न्यायालयाचा सल्लागार होता, १९ सप्टेंबर १६४८ रोजी पुई द दोम हा पर्वत चढला. पायथ्याच्या मठातील बागेत दुसरी नळी ठेवून एका धर्मगुरूस दिवसभर तिजवर नजर ठेवण्यास त्याने सांगितले होते. तीत पारा यत्किंचितही हलला नाही. शिखरावर मात्र पारा तीन फ्रेंच इंचांहून अधिक, म्हणजे सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली उतरला होता. पेरियेने देवळात, उघड्यावर, धुक्यात आणि पावसात, असा पाच वेळा प्रयोग करून पाहिला. सरकारी अंमलदाराच्या शिस्तीने सिद्ध केलेली इतकी निर्मळ साक्ष विज्ञानाच्या दफ्तरात विरळाच.

प्रौढ मनुष्याच्या देहावर समुद्रकाठी सुमारे पंधरा टनांचा भार सर्व बाजूंनी असतो. पण देहातील द्रव आणि फुफ्फुसांतील हवा त्याच दाबाने त्यास तोलून धरतात, म्हणून तो जाणवत नाही. आणि जो जाणवत नाही, त्याचा शोध घ्यावा असे कोणास वाटावे? दट्ट्याखाली पाणी अडले, म्हणूनच ते वाटले.

आज आपले हवामानखाते वादळाच्या केंद्रातील दाब हेक्टोपास्कलमध्ये जाहीर करते, आणि तो मान पास्कलला रास्तच आहे. अठरा हातांची मर्यादा सांगणारा कारागीर मात्र गॅलिलिओच्या ग्रंथातही निनावीच राहिला.