करड्या समुद्राची उमेदवारी

सतराव्या शतकाच्या आरंभी हार्लेमचा हेन्ड्रिक व्रोम जी सागरचित्रे रंगवीत होता, त्यांत समुद्र हा मुख्यतः जहाजे उभी करण्याचा मंच होता. क्षितिज बरेच वर, लाटा हिरव्या आणि एकीसारखी दुसरी, प्रत्येक दोर व निशाण मोजून घ्यावे इतके स्पष्ट. पुढच्या पिढीने ज्या ओलसर, वाऱ्याने भरलेल्या वातावरणासाठी नाव मिळवले, ते मात्र नवे रंग आणून नव्हे, तर असलेले रंग कमी करून साधले गेले.

या बदलाचा अग्रणी यान पोर्सेलिस होय. 1615 मध्ये अँटवर्प येथे त्याने पिपे बनवणाऱ्या एका कारागिराशी करार केला, त्यानुसार एका उमेदवाराच्या मदतीने 20 आठवड्यांत जहाजांची 40 चित्रे, म्हणजे आठवड्याला दोन, पुरी करावयाची होती. अशा वेगात प्रत्येक शिडाचे तपशील रंगवत बसणे परवडणारे नव्हते. करडी शैली या हिशेबातूनच उपजली असे म्हणणे अतिरेकाचे ठरेल, परंतु अल्प रंगांत लवकर काम उरकण्याच्या सवयीने तिला बळ दिले असावे, हे मत ग्राह्य वाटते. क्षितिज खाली आले, फलकाचा बहुतांश भाग आकाशाला मिळाला, आणि मेघांच्या सावल्यांमुळे पाण्यावर उजेड-अंधाराचे आडवे पट्टे पडू लागले, ज्यांच्या आधारे नजर टप्प्याटप्प्याने दूर जाते.

साहित्य मोजकेच होते. ओकच्या फलकावर फिकट मातकट अस्तर, म्हणजे रंगाखालचा पहिला लेप, इतके पातळ दिले जाई की लाकडाच्या रेषा चित्रातून डोकावत. त्यावर जवसाच्या तेलात घोटलेला शिशाचा सफेदा, पिवळी माती, हाडांचा कोळसा आणि स्मॉल्ट, म्हणजे कोबाल्टने निळ्या केलेल्या काचेची भुकटी. खालचा रंग ओला असतानाच वरचा त्यात मिसळल्याने ढगाची कड विरघळते, हे तंत्र उमेदवार हातानेच शिकत असे. तेलात स्मॉल्टचा निळेपणा कालांतराने ओसरतो, म्हणून आज जाणवणारा सगळाच करडेपणा चित्रकाराच्या खाती मांडता येत नाही.

पोर्सेलिसविषयी साम्युएल फान होखस्ट्रातेनने 1678 च्या ग्रंथात सांगितलेली कथा, ती कितपत खरी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, त्या काळी शिक्षणात काय मोलाचे मानले जाई हे दाखवते: तिघा चित्रकारांत एका दिवसात चित्र पुरे करण्याची पैज लागली असता पोर्सेलिस बराच वेळ नुसता बसून राहिला, चित्र मनात पुरे झाल्यावर कुंचला उचलला, आणि पैज जिंकली.

हीच परंपरा सिमोन द व्लीगरकडून धाकट्या विलेम फान द व्हेल्डेकडे आली. थोरला विलेम लहान नौकेतून नाविक लढायांच्या जागी जाऊन रेखाटने करी, आणि मुलगा त्यांवरून तैलचित्रे घडवी. 1672-73 च्या हिवाळ्यात दोघे इंग्लंडला गेले, तेव्हा डच-इंग्रज युद्ध चालू होते आणि यजमान शत्रुपक्षाचा होता, याची अडचण उभय पक्षांना वाटलेली दिसत नाही. 1674 मध्ये इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सने प्रत्येकास वर्षाला 100 पौंड वेतन बांधून दिले, वडिलांस रेखाटनांसाठी आणि मुलास त्यांत रंग भरण्यासाठी, आणि ग्रिनिचच्या क्वीन्स हाउसमध्ये त्यांना चित्रशाळा मिळाली. धाकटा विलेम ऊन असो वा वादळ, नावाड्याला घेऊन टेम्सवर जाई आणि निळ्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने केवळ आकाश टिपून आणी, असे विल्यम गिल्पिनने नोंदवले आहे. लाटांचा स्वभाव प्रकाशावरून ठरतो आणि प्रकाश मेघांवरून, हे त्यामागील तर्कशास्त्र होते.

पुढे इंग्लंडमधील पीटर मोनामी, चार्ल्स ब्रुकिंग यांच्या पिढीने फान द व्हेल्डेंचीच चित्रे समोर ठेवून हात बसवला. धाकट्या विलेमच्या एका वादळचित्राला जोडचित्र करून देण्याचे काम ब्रिजवॉटरच्या ड्यूकने चित्रकार टर्नरवर सोपवले, तेव्हा त्याने 1801 मध्ये मांडलेल्या चित्रासाठी मूळ चित्राहून मोठा कॅनव्हास घेतला आणि नौकांची दिशा उलटी केली.